मोठ्या मूळ संख्येची तपासणी कशी करावी : २,१४,७४,८३,६४७ या संख्येसह पायरीपायरीने

दहा अंकांची एखादी संख्या मूळ आहे असे वाचनात आले की दोन गोष्टी कराव्याशा वाटतात. एक म्हणजे ते खरे आहे का हे स्वतः पडताळून पाहावे, आणि दुसरी म्हणजे ती मूळ आहे एवढ्यावर न थांबता तिच्याविषयी आणखी काय सांगता येते ते शोधावे. या लेखात ही दोन्ही कामे २,१४,७४,८३,६४७ या एकाच संख्येवर केली आहेत. भागाकार, घातांकांचे नियम आणि बाकी ही कल्पना एवढे भांडवल असले की पुरते. जवळ कॅल्क्युलेटर असावा, आणि मधल्या काही पायऱ्यांसाठी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर काम फार सोपे होते. लिहिण्याच्या सोयीसाठी या संख्येला आपण ‘प’ म्हणू, आणि २ चा ३१ वा घात २^३१ असा लिहू.

पहिली पायरी : भागायला बसण्याआधी संख्येचे रूप पाहा

नवखा माणूस मोठी संख्या हाती आली की लगेच ३, ७, ११ असे भाग देऊ लागतो. त्याआधी संख्येच्या आजूबाजूला पाहावे : एक मिळवून किंवा एक वजा करून काही ओळखीचे दिसते का? येथे प मध्ये १ मिळवल्यास २,१४,७४,८३,६४८ मिळतात, आणि ही संख्या अर्धी करत गेल्यास ३१ वेळा निम्मे केल्यावर बरोबर १ उरतो. म्हणजे प = २^३१ − १. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने मांडलेले एकतीस एके, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या या एका निरीक्षणावर उभ्या आहेत.

अशा रूपाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घातांक संयुक्त असेल तर मर्सेन संख्या मूळ असूच शकत नाही. उदाहरणार्थ, १५ ला ३ आणि ५ यांनी भाग जातो, म्हणून २^१५ − १ ला २^३ − १ म्हणजे ७ ने आणि २^५ − १ म्हणजे ३१ नेही भाग जातो. आपला घातांक ३१ हा मूळ आहे, त्यामुळे ही पहिली चाळणी आपण पार केली. मात्र उलट विधान खरे नाही, आणि येथे पुष्कळ जण घसरतात. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. हे २०४७ लक्षात ठेवावे, कारण पुढे कोणतीही चाचणी शिकताना ती आधी या संख्येवर लावून पाहणे फार उपयोगी पडते. ज्याच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात त्या मर्सेनने मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी १६४४ साली दिली; तीत ३१ बरोबर होता, पण ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांक आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते.

दुसरी पायरी : लहान विभाजक झटपट बाद करा

ही पायरी दोन मिनिटांची आहे. प विषम आहे आणि तिचा शेवटचा अंक ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४६ येते, म्हणून ३ ने भागल्यास बाकी १ उरते. ७, ११ आणि १३ यांची तपासणी एकदमच करता येते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आलटूनपालटून अधिक-वजा करावेत : ६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९. या ३०९ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास बाकी १ आणि १३ ने भागल्यास बाकी १० उरते. कोणाचाच भाग जात नाही. ३, ७ आणि ११ या तिघांनीही १ च बाकी द्यावी यामागे कारण आहे, आणि ते सहाव्या पायरीत सापडेल.

तिसरी पायरी : वर्गमुळापर्यंतचे काम कमी करा

संयुक्त संख्येला तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असा एक तरी मूळ विभाजक असतोच. प चे वर्गमूळ ४६,३४० आणि ४६,३४१ यांच्या दरम्यान आहे, आणि ४६,३४० पर्यंत एकूण ४,७९२ मूळ संख्या आहेत. संगणकाला हे काम डोळ्याची पापणी लवण्याआधी होते, त्यामुळे केवळ उत्तर हवे असेल तर येथेच थांबता येईल. पण १७७२ साली लिओनार्ड ऑयलरने, दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली असताना, प मूळ असल्याचे गणितज्ञ बर्नुलीला पत्राने कळवले तेव्हा त्याने एवढे भागाकार केले नव्हते. त्याने आधी विभाजकांचेच रूप शोधले. ही युक्ती शिकण्यासारखी आहे, म्हणून ती सावकाश पाहू.

समजा, ‘क’ ही मूळ संख्या प ला भागते. म्हणजे २^३१ ला क ने भागल्यास बाकी १ उरते. २ चे घात एकामागून एक घेऊन त्यांना क ने भागत गेल्यास बाक्यांचे एक चक्र तयार होते, आणि त्या चक्राच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. ३१ मूळ आहे आणि चक्राची लांबी १ असू शकत नाही, म्हणून ती ३१ च आहे. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार त्याच लांबीने क − १ लाही भाग जातो. क विषम असल्यामुळे क − १ सम आहे. तेव्हा क − १ ला ६२ ने भाग जातो. एवढ्यावरच बहुतेक सगळ्या मूळ संख्या गळून पडतात.

आता दुसरी अट. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २ असणार, आणि २^३२ हा तर ६५,५३६ चा वर्ग आहे. म्हणजे क च्या दृष्टीने २ ही एका वर्गाची बाकी आहे. असे फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी देणाऱ्या मूळ संख्यांच्याच बाबतीत घडते. दोन्ही अटी एकत्र केल्या की क चे रूप २४८न + १ किंवा २४८न + ६३ (न ही पूर्ण संख्या) यांपैकी एक असलेच पाहिजे. २०४७ वर पडताळा घ्यावा : तेथे ६२ च्या जागी २२ येतात, आणि २३ = २२ + १, ८९ = ४ × २२ + १; शिवाय ८ ने भागल्यावर २३ ची बाकी ७ आणि ८९ ची १ आहे.

४६,३४० पर्यंत पहिल्या रूपाच्या १८६ संख्या आहेत, आणि ६३ वगळल्यास दुसऱ्या रूपाच्याही १८६. एकूण ३७२. त्यांतल्याही बऱ्याच उघडपणे संयुक्त आहेत : २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने. पहिला खरा उमेदवार ३११, आणि त्यानंतरचा थेट १३०३. खरोखर भाग देऊन पाहाव्या लागतील अशा मूळ संख्या शेवटी ऐंशीच्या आसपास उरतात.

३११ ची तपासणी हाताने करून दाखवतो, म्हणजे पद्धत बसेल. येथे दहा अंकी भागाकार करायचा नाही, तर २ चे घात वाढवत न्यायचे. २^८ = २५६, म्हणजे ३११ च्या हिशेबात −५५. त्याचा वर्ग ३०२५; त्यातून ९ × ३११ = २७९९ वजा केल्यास २२६, म्हणजेच −८५; ही २^१६ ची बाकी. २^२४ साठी −८५ आणि −५५ यांचा गुणाकार ४६७५, आणि १५ × ३११ = ४६६५, म्हणून बाकी १०. राहिले २^७ = १२८ ने गुणणे : १२८० − १२४४ = ३६. तेव्हा २^३१ ची बाकी ३६ आणि प ची ३५. शून्य नाही, म्हणून ३११ बाद. बाक्या ऋण घेण्याची सवय लावून घ्यावी. आकडे लहान राहतात आणि चुका कमी होतात.

चौथी पायरी : शक्यतेची चाचणी, आणि तिच्यातला सापळा

फर्माचे प्रमेय सांगते की प मूळ असेल आणि प ने ‘अ’ ला भाग जात नसेल, तर अ^(प−१) ला प ने भागल्यास बाकी १ उरते. यावरून सर्वांत सोपी चाचणी तयार होते : बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त, आली तर ‘बहुधा’ मूळ. हा ‘बहुधा’ विसरू नये. मी पहिल्यांदा ही चाचणी लिहिली तेव्हा आधार म्हणून, म्हणजे अ च्या जागी, २ घेतला, उत्तर १ आले आणि मी समाधानाने वही मिटली. ते समाधान फुकाचे होते. घातांक मूळ असलेली कोणतीही मर्सेन संख्या आधार २ ची ही चाचणी उत्तीर्ण होतेच, मग ती मूळ असो वा नसो. २०४७ चेच पाहा : २^११ ची बाकी १ आहे, आणि २०४६ = ११ × १८६, त्यामुळे २^२०४६ ची बाकीही १ च येते. आधार बदलूनही प्रत्येक वेळी सुटका होत नाही; ५६१ = ३ × ११ × १७ ही संख्या तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या प्रत्येक आधाराला फसवते.

म्हणून अधिक कडक अशी मिलर–राबिन चाचणी वापरावी. प − १ ला २ ने एकदाच भाग जातो, त्यामुळे आपल्या संख्येसाठी तिचे रूप अगदी साधे होते : अ^((प−१)/२) ची बाकी १ किंवा प − १ आलीच पाहिजे. हा घातांक २^३० − १ आहे, म्हणजे द्विमान पद्धतीत तीस एके. कृती अशी : अ पासून सुरुवात करा, दर वेळी वर्ग करून प ने बाकी काढा, मग अ ने गुणून पुन्हा बाकी काढा, आणि हे २९ वेळा करा. आधार २ घेतल्यास शेवटी १ मिळेल, तर ३, ५ आणि ७ या तिन्ही आधारांना प − १. या चारही आधारांची चाचणी पार करणारी सर्वांत लहान संयुक्त संख्या ३,२१,५०,३१,७५१ आहे हे माहीत आहे. आपली संख्या तिच्याहून लहान असल्यामुळे येथे ‘बहुधा’ हा शब्द गळून पडतो आणि चाचणीचा निकाल सिद्धतेच्या तोलाचा ठरतो.

प्रोग्रॅम लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. प ही ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे. तेव्हा वर्ग करण्यासाठी ६४ बिटांचा प्रकार घ्यावा, नाहीतर उत्तर चुकेल आणि कोणताही इशारा मिळणार नाही. दुसरे म्हणजे, वर्ग आणि पुढचा गुणाकार यांच्यामध्ये बाकी काढायलाच हवी.

बाकी काढण्यासाठी भागाकार करण्याचीही गरज नाही. दशमान पद्धतीत ९ ने बाकी काढताना आपण अंकांची बेरीज करतो, कारण १० ची बाकी १ आहे. तसेच येथे २^३१ ची बाकी १ आहे. म्हणून मोठ्या संख्येचे खालचे ३१ बिट वेगळे करावेत, उरलेला वरचा भाग त्यांत मिळवावा, आणि बेरीज प इतकी किंवा प हून मोठी झाली तर एकदा प वजा करावा.

पाचवी पायरी : लुका–लेमर चाचणी

मर्सेन संख्यांसाठी खास अशी एक चाचणी आहे आणि ती निर्णायक आहे. एदुआर लुकाने एकोणिसाव्या शतकात तिचा पाया घातला आणि डी. एच. लेमरने पुढच्या शतकात तिला आजचे रूप दिले. ४ पासून सुरू करावे, दर वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि बाकी काढावी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर शून्य आले तर संख्या मूळ. न आले तर संयुक्त. मधला निकाल नाही.

आधी १२७ = २^७ − १ वर हात बसवावा. पाच वेळा करायचे आहे : ४ वरून १४, १४ वरून १९४, म्हणजे ६७, ६७ वरून ४४८७, म्हणजे ४२, ४२ वरून १७६२, म्हणजे १११, १११ वरून १२,३१९, आणि हे बरोबर ९७ × १२७ असल्यामुळे बाकी शून्य. हीच कृती २०४७ वर नऊ वेळा केल्यास १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ असे करत शेवटी १७३६ उरतात. शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. हे दोन्ही हिशेब कागदावर जुळल्याशिवाय प कडे वळू नये. प साठी २९ वेळा करावे लागते आणि एकोणतिसाव्या वेळी शून्य मिळते. ऑयलरच्या ऐंशीएक भागाकारांच्या जागी एकोणतीस वर्ग.

सहावी पायरी : प − १ चे अवयव पाडा

संख्या मूळ ठरली की तिच्या गुणधर्मांचा शोध बहुतेकदा प − १ पासून सुरू होतो. एरवी मोठ्या संख्येचे अवयव पाडणे त्रासाचे असते, पण येथे रूप पुन्हा मदतीला येते : प − १ = २ × (२^३० − १), आणि २^३० − १ = ३२,७६७ × ३२,७६९. यांतील पहिली संख्या ७ × ३१ × १५१ आणि दुसरी ३ × ३ × ११ × ३३१. तेव्हा प − १ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. दुसऱ्या पायरीत ३, ७ आणि ११ यांनी १ बाकी का दिली याचा उलगडा येथे होतो.

आता जनक शोधता येतो. ज्या संख्येचे घात घेत गेल्यास १ पासून प − १ पर्यंतच्या सगळ्या बाक्या एकेकदा मिळतात ती जनक. २ हा जनक नाही, त्याचे चक्र ३१ पायऱ्यांतच संपते. सर्वांत लहान जनक ७ आहे. तो पडताळण्यासाठी दोन अब्ज घात मोजण्याची आवश्यकता नसते. ७^(प−१) ची बाकी १ येते, पण घातांकाला २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ यांपैकी कोणत्याही एकाने भागून पाहिल्यास बाकी १ येत नाही, एवढे दाखवले की पुरे. यातून एक जादा फायदाही होतो : हे आठ हिशेब म्हणजे प मूळ असल्याची स्वतंत्र सिद्धता आहे, आणि कोणीही ती काही क्षणांत तपासू शकतो. ७ चा पाचवा घात १६,८०७ हाही जनक आहे, कारण ५ ने प − १ ला भाग जात नाही. पार्क आणि मिलर यांनी १९८८ साली यादृच्छिक संख्यांसाठी किमान दर्जा म्हणून सुचवलेली पद्धत हीच : आधीच्या संख्येला १६,८०७ ने गुणा आणि प ने बाकी काढा.

सातवी पायरी : वर्गमुळे

४ ने भागल्यास प ची बाकी ३ उरते. त्यामुळे प ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, आणि −१ ला प च्या हिशेबात वर्गमूळ नाही. ज्यांना वर्गमूळ आहे त्यांचे ते काढणे मात्र अतिशय सोपे आहे : अ चा (प+१)/४ वा घात घ्यावा. (प+१)/४ म्हणजे २^२९, तेव्हा २९ वेळा वर्ग करत जाणे एवढेच काम. २ साठी तेही नको, कारण २ च्या घातांचे चक्र ३१ चे आहे आणि २^२९ ला ३१ ने भागल्यास १६ उरतात; म्हणून २ चे वर्गमूळ २^१६ = ६५,५३६. ताळा : ६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, आणि प ची दुप्पट ४,२९,४९,६७,२९४. फरक २. तिसऱ्या पायरीत विभाजकांची दुसरी अट याच समीकरणातून आली होती.

आठवी पायरी : शेजार आणि वंश

प ही १०,५०,९७,५६५ वी मूळ संख्या आहे. प ला तिच्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे सुमारे २१.४९ ने, भागल्यास अंदाज ९ कोटी ९९ लाखांच्या थोडा पुढे येतो. पाच टक्क्यांची चूक या सूत्राकडून अपेक्षितच आहे. तोच २१.४९ हा आकडा या परिसरातील मूळ संख्यांमधले सरासरी अंतरही सांगतो. प्रत्यक्षात आधीची मूळ संख्या १८ ने मागे, २,१४,७४,८३,६२९ वर आहे, आणि पुढची १२ ने पुढे, २,१४,७४,८३,६५९ वर. प ला जोडमूळ जोडीदार, म्हणजे २ च्या अंतरावरची मूळ संख्या, नाही : प − २ च्या शेवटी ५ आहे, आणि प + २ = २^३१ + १ ला ३ ने भाग जातो.

मर्सेन मूळ संख्येमागे नेहमी एक परिपूर्ण संख्या असते, म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेली. येथे ती २^३० × प, म्हणजे २३०५८४३००८१३९९५२१२८, आणि ती क्रमाने आठवी आहे. पीटर बार्लोने १८११ साली लिहिले होते की हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाणार नाही, कारण अशा संख्यांचा काही उपयोग नसल्यामुळे कोणी त्या खटाटोपात पडणार नाही. २०२४ साली सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत, आणि तिचीही एक परिपूर्ण संख्या आहेच.

५ पासून २^५ − १ = ३१ मिळते, ३१ पासून प; मग २^प − १ सुद्धा मूळ असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. ती तशी नाही. तिसऱ्या पायरीतील नियमानुसार तिचे मूळ विभाजक २ × न × प + १ अशा रूपाचे असले पाहिजेत, आणि न = ६८,७४५ घेतल्यास २९५२५७५२६६२६०३१ हा विभाजक मिळतो. सुमारे पासष्ट कोटी अंकांची ती संख्या लिहून काढण्याची गरज नाही. २ पासून सुरुवात करावी, दर वेळी वर्ग करून दुप्पट करावे आणि या विभाजकाने बाकी काढावी. ३० वेळा असे केल्यावर घातांक प होतो आणि बाकी १ उरते. मात्र येथे वर्ग तीस अंकांपर्यंत जातो आणि ६४ बिट अपुरे पडतात, म्हणून कितीही मोठे पूर्णांक हाताळणारी संगणकभाषा या शेवटच्या हिशेबासाठी निवडावी.